खोडलेले बारा शेर

कार्तिकातल्या दुसऱ्या गुरुवारी, आदल्या दिवशी मापं आटोपल्यावर, आमच्या बोर्डिंगनं गंगावेशीकडच्या एका लिंगायत गवळणीला लबाड ठरवलं. पुरावा म्हणजे वीतभर कागद. त्यावर पाच आकडे आणि खाली चिटणिसांची सही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या कागदाची जाहीर नोटीस झाली आणि कोल्हापुरातल्या निम्म्या भिंतींवर चिकटली. नोटिशीचा मजकूर मी लिहिला होता. खिळे जुळवून झाले तेव्हा छापखान्यात उभं राहून शाईचे हात लावून प्रूफही मीच तपासलं. शुद्धलेखनाची एक चूक सापडली, ती मी दुरुस्त केली. दुसरी कुठली चूक असेल असं डोक्यात आलं नाही.

महाराजांच्या राज्यात खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून जी बोर्डिंगं निघाली, त्यातल्याच एका बोर्डिंगात मी राहत होतो. पत्रकं लिहायची ही माझी ख्याती. भटजींविरुद्ध लिहिली, सावकारांविरुद्ध लिहिली, मामलेदाराच्या कारकुनाविरुद्ध तर दोन लिहिली. पत्रकाचा एक नियम मला कुणी न शिकवता कळला होता: पहिल्या ओळीत आरोपीचं नाव आणि दुसऱ्या ओळीत शिक्षा. मधे पुरावा घातला की वाचणारा कंटाळतो. हा नियम किती गलिच्छ आहे ते कळायला मला एक म्हैस लागली.

आमच्या बोर्डिंगात तालमीत घुमणारी पोरं बरीच, म्हणून दुधाची एक म्हैस आधीपासून होती. ती आटायला लागली तेव्हा दुसरी घ्यायची ठरलं. ही गवळीण सगळ्यांना अक्का म्हणून माहीत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, निम्मं बोलणं मराठी आणि निम्मं कानडी. नवरा गेल्यावर चार म्हशींचा गोठा तिनं एकटीनं सांभाळला. तिचा खरा धंदा दुधाचा नव्हता, म्हशींचा होता. गारगोटीकडच्या बाजारातून पारडी आणायची, वाढवायची, विली की काही महिने धार काढून बघायची आणि मग विकायची. अशा धंद्यात माणसाकडे एकच भांडवल असतं, जबान. अक्का एवढ्या शेराची म्हणाली की घेणारे दावं सोडायचे. तिनं आम्हाला सांगितलं, ही दहा शेराची आहे, दोन वेळची धार मिळून.

चिटणिसांनी घासाघीस केली. अक्का दमडी सोडेना. चिटणीस म्हणजे आमच्या बोर्डिंगच्या समितीचा कारभार बघणारे थोर गृहस्थ. जाड मिशा, जाड काठी, आणि डोकं त्या दोन्हींच्या मानानं बारीक. आयुष्यभर त्यांनी एकच विद्या कमावली होती, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत निकाल देण्याची. एका गवळणीनं आपलं ऐकलं नाही हे त्यांना लागलं. पण म्हैस होती देखणी, तेव्हा त्यांनी तोडगा काढला: म्हैस न्यायची, मापून बघायची, खरी निघाली तर सौदा.

आमच्याकडे म्हैस पारखायची एक रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. पहिल्या दिवसाचं दूध हिशोबात धरत नाहीत. कारण विकणारा आदल्या दिवशी एक धार चुकवतो, कास तुंबवतो, आणि पहिल्या दिवशी घेणाऱ्याच्या डोळ्यांचं पारणं फेडतो. म्हणून पहिला दिवस सोडायचा आणि पुढचे पाच दिवस मापायचे. पाचांची बेरीज, भागिले पाच. हे सगळ्या गावाला ठाऊक, अक्कालाही ठाऊक.

म्हैस गुरुवारी आली. त्या दिवशी अकरा शेर निघालं, ते रीतीप्रमाणं सोडलं. शुक्रवारी नऊ. शनिवारी साडेनऊ. रविवारी बारा. सोमवारी साडेआठ. मंगळवारी दहा. इथं पाच दिवस संपतात. पण सरासरी दहाच्या जवळ जातेय हे दिसल्यावर चिटणिसांचं मापणं संपलं नाही. मंगळवारी संध्याकाळी ते मापाशेजारी येऊन बसले, कागद बघितला, आणि रविवारच्या बारावर बोट ठेवून मला विचारलं की त्या दिवशी मापात फेस होता का.

रविवारी धार काढली होती आमच्यातल्या एका पैलवानानं. त्याच्या मनगटाच्या जोरानं चरवीत फेस आला होता हे खरं. फेस बसेपर्यंत आम्ही थांबलो होतो, पैलवानानं तेवढ्यात पन्नास जोर मारले, आणि मग मी मापलं, हेही तितकंच खरं. माप माझ्याच हातात होतं.

मी म्हणालो, व्हय, फेस होता.

तेवढंच म्हणालो. पुढचं अर्धं वाक्य गिळलं. चिटणिसांनी बाराचा आकडा खोडला आणि बुधवारी आणखी एक दिवस मापायला लावलं. त्या दिवशी नऊ निघालं. नऊ, साडेनऊ, साडेआठ, दहा, नऊ. बेरीज शेहेचाळीस. पाचानं भागा: नऊ शेर आणि वर पावशेराला थोडं कमी. दहा म्हणाली, दहा निघालं नाही, म्हणजे लबाड. चिटणिसांचं गणित इथं सुरू झालं आणि इथंच संपलं. त्यांनी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. कट करायलाही थोडी अक्कल लागते. त्यांना मनापासून वाटत होतं की जो आकडा आपल्या मताला बोचतो तो चुकीचाच असणार.

आणि मी? माझ्या डोक्यात तोवर मथळा तयार झाला होता. तयार मथळ्याच्या मधे एक रविवार कशाला आणायचा.

म्हैस परत गेली. नोटीस लागली. आठवड्यानं अक्का बोर्डिंगात आली. तिला वाचता येत नव्हतं. कुठल्याशा भिंतीवरचा कागद तिनं अलगद सोडवून आणला होता. चिटणीस नव्हते, पडवीत मीच बसलो होतो. तिनं कागद माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "तम्मा, एवढं वाचून दाव. लोक मला बघून हसत्यात, पन काय लिवलंय ते कुनी सांगंना."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी माझाच मजकूर तिला वाचून दाखवला. 'लबाड' हा शब्द आला तेव्हा आवाज बारीक केला, तर तिनं तो पुन्हा वाचायला लावला.

"कुनी लिवलं रं हे?"

मी म्हणालो, समितीनं.

ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दुधाच्या कट्ट्यावर, जिथं गवळी जनावरं उभी करतात, तिथल्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलं होतं की ती नोटीस मागं घेईपर्यंत तुझी जनावरं इथं विकायला उभी करू नकोस, आमच्याही नावाला बट्टा लागतो. तेवढं सांगून गेली. म्हणजे भांडण एका म्हशीचं राहिलं नव्हतं. जबान गेली की पुढची पारडी आणायची कशाला?

मी त्याच दिवशी कॉलेजातल्या गणिताच्या मास्तरांकडे गेलो. मास्तर स्वभावानं किरकिरे, पोटाचे रोगी, आणि कुणाच्याही बाजूचे नव्हेत. माझी पत्रकं त्यांना आवडत नसत. ते म्हणत, तुझ्या वाक्यांना 'कदाचित' हा शब्द माहीत नाही. मला वाटलं होतं ते अक्काच्या बाजूनं दोन ओळींत काहीतरी भारदस्त लिहून देतील आणि मी ते छापीन. रविवारची गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही. पाच आकडे तेवढे पुढं ठेवले.

मास्तरांनी विचारलं, दहा शेराची म्हैस रोज दहाच शेर देते का? मी म्हणालो, छे, म्हैस आहे, हौद नव्हे. मग म्हणाले, खऱ्या दहा शेराच्या म्हशीचे कुठलेही पाच दिवस घेतले तर सरासरी बरोबर दहा येईल का? येणार नाही, थोडी खाली नाहीतर थोडी वर. मग ते म्हणाले, "तुमच्या चिटणिसांनी सरासरी दहाच्या खाली आहे एवढं बघितलं. ते कुणीही बघेल. बघायचं होतं ते हे, की बाई खरं बोलत असतानाही निव्वळ योगायोगानं इतकी खाली येऊ शकते का, आणि कितीदा."

आकाशातल्या ताऱ्यांची जागा मोजणाऱ्या लोकांना म्हणे याच अडचणीनं छळलं होतं. दर रात्री मोजमाप थोडं वेगळं यायचं. त्यांनी त्यावर गणित बसवलं. पण ते गणित चिटणिसांना समजावण्यापेक्षा ताऱ्यांना समजावणं सोपं, असं म्हणून मास्तरांनी दुसरी युक्ती काढली. त्यांना त्या म्हशीचा रोजचा चढउतार हवा होता.

तो अक्काच्या गोठ्याच्या भिंतीवर होता. ती लिहीत नव्हती, पण रोजच्या दुधाची चुन्याची बोटं उठवायची. शेराला एक बोट, अर्ध्या शेराला आडवी रेघ. एकेका म्हशीची एकेक भिंत. या म्हशीच्या भिंतीवर साठ दिवस होते. मी एक अख्खी सकाळ शेणात उभा राहून ते उतरवून घेतले. कुठं आठ, कुठं बारा, बरेचसे साडेनऊ ते साडेदहा. साठांची सरासरी दहाला केसभर वर.

चिटणिसांना हे कळल्यावर ते तुच्छतेनं हसले. भिंत तिची, चुना तिचा, बोटं तिची. तिनं शंभर उठवली असती. मला राग आला, पण मास्तरांनी मान डोलावली आणि म्हणाले, आक्षेप रास्त आहे. मला भिंतीवरून तिचा खरेपणा घ्यायचा नाही, नुसता चढउतार घ्यायचा आहे. तुमच्या जुन्या म्हशीची वही तुमच्याच अक्षरात आहे ना, ती आणा. आणली. ती म्हैस भरात असतानाची पानं काढली तर तिचंही दूध तेवढंच वरखाली होत होतं. चिटणीस स्वतःच्याच अक्षराकडे असं बघत बसले जणू ते त्यांना पहिल्यांदा भेटत होतं.

मग रविवारी दुपारी आमच्या पडवीत तो प्रकार झाला. साठ दिवसांच्या साठ चिठ्ठ्या केल्या. कागद म्हणून माझी उरलेली पत्रकं फाडली. एका बाजूला शेराचा आकडा, दुसऱ्या बाजूला माझ्या आगपाखडीचे तुकडे. चिठ्ठ्या मडक्यात टाकल्या. मडकं हलवायचं, एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची. असं पाचदा केलं की झाले पाच दिवस. त्यांची सरासरी. हे पाच दिवस खरं बोलणाऱ्या बाईचे, कारण मडकं दहाचंच होतं. असे शंभर वेळा पाच दिवस काढायचे आणि बघायचं, त्यातले किती चिटणिसांच्या शेहेचाळीस शेरांइतके किंवा त्याहून खाली जातात.

सुरू करण्याआधी मास्तर म्हणाले की आता बोला, किती आले तर बाईला लबाड म्हणायचं. चिटणीस म्हणाले, आधी बघूया तर, मग ठरवू. मास्तरांचा आवाज मी तेव्हा एकदाच चढलेला ऐकला.

"बघितल्यावर ठरवायचं असेल तर मडकं कशाला हवं? तुम्ही बघितल्यावरच ठरवत आलात. आकडा आत्ता सांगा, आणि खाली सही करा."

शेवटी ठरलं: शंभरात पाच किंवा त्याहून कमी. म्हणजे खरं बोलणाऱ्या बाईच्या वाट्याला असा कमनशीब आठवडा इतका क्वचित येत असेल, तर ती खरं बोलते हे मानणं सोडून द्यायचं. चिटणिसांनी सही केली. त्यांना पाच हा आकडा भरपूर वाटला असावा.

पाचशे वेळा मडक्यात हात घालणं काय असतं ते करून बघा. पैलवानांनी पाळीपाळीनं चिठ्ठ्या काढल्या आणि कुस्तीसारख्या ओरडून सांगितल्या. मी लिहीत होतो. कधी सरासरी साडेदहा, कधी पावणेदहा. शंभर झाले. शेहेचाळीस किंवा खाली गेलेले निघाले सात.

चिटणीस म्हणाले, "सात म्हंजे काय, पाचाच्या शेजारीच की. एखादी चिठ्ठी हिकडं तिकडं झाली असंल. आनि दोनशे येळा काढून बघा, उतरंल खाली."

म्हणजे हवा तो आकडा दिसेपर्यंत काढत राहायचं, आणि दिसला की थांबायचं. हा माणूस म्हैसही अशीच मापत होता. मला त्याची किळस आली, आणि त्या किळसेतच माझ्या लक्षात आलं की त्याला मापताना फेस सुचला तेव्हा मान हलवणारा मीच. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं: रविवारी बारा शेर होतं, फेस बसल्यावर मापलेलं. माप माझ्या हातात होतं. मी खोटं बोललो.

मग तो रविवारी धार काढणारा पैलवान म्हणाला, "मग मी पन्नास जोर काय चिटणिसांच्या तब्येतीसाठी मारलं व्हय?" आणि पोरं फिदीफिदी हसली.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा मला सुनावलं. काय सुनावलं ते इथं लिहीत नाही, योग्य होतं. मग म्हणाले, पहिला दिवस सोडलात तो रीतीनं, आधीच ठरलेलं होतं, त्याला माझी हरकत नाही. रविवार खोडलात तो आकडा बघून. ते चालत नाही. रीतीचे पाच दिवस शुक्रवार ते मंगळवार. नऊ, साडेनऊ, बारा, साडेआठ, दहा. बेरीज एकोणपन्नास. आता त्याच शंभरांत एकोणपन्नास किंवा खाली किती, ते मोजा. मी मोजले. अडतीस.

शंभरातल्या अडतीस वेळा खऱ्या दहा शेराच्या म्हशीचंही असंच होतं. एवढ्या पुराव्यावर आम्ही एका बाईचं तोंड काळं केलं होतं.

चिटणिसांनी चिडून विचारलं, म्हणजे म्हैस दहा शेराचीच म्हणायची का आता? मी लगेच व्हय म्हणणार होतो. मास्तरांनी मला थांबवलं.

"तेही म्हणता येत नाही. पावणेदहाची असली तरी पाच दिवस असेच दिसले असते. पाच दिवसांत एवढंच कळतं की तिला खोटी ठरवायला तुमच्याकडे काही नाही. ज्याच्याकडे काही नाही त्यानं भिंतीवर कागद लावू नये."

मला हे त्या वेळी भेकडपणाचं वाटलं. मला 'निर्दोष' असा मोठा मथळा हवा होता. वाटेत मी मास्तरांशी भांडलोही. ते म्हणाले, तू आधी पुराव्याशिवाय 'लबाड' लिहिलंस, आता पुराव्याशिवाय 'निर्दोष' लिहिणार. तुझी खोड एकच आहे.

अक्काकडे गेलो. नोटीस मी लिहिली हे आधी सांगितलं. तिनं म्हशीच्या पाठीवर पाणी मारणं थांबवलं नाही. मग मडक्याचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचशे येळा हात घातलासा? त्यापरास म्हशीला आनि म्हैनाभर ठेवून घेतलं असतं तर?"

मास्तरही हेच म्हणाले होते की दिवस जितके जास्त तितकं योगायोगाला अंग चोरावं लागतं. मी म्हणालो, अजून मापू या, महिनाभर, मी रोज येतो, पंच आणतो. तर म्हणाली, "आता न्हाय. दहा घरांस्नी म्हस दिली, कुनी पंच आनला न्हवता. तुमच्यापुढं मी माप धरून उभी राहू व्हय? तुमचा कागद तेवढा काढा."

कागद निघाला नाही. समितीची बैठक झाली, त्यात सात आणि अडतीस हे आकडे मी वाचले. एकानं विचारलं, अडतीस शेर की अडतीस रुपये? दुसऱ्यानं विचारलं की मडक्यातनं चिठ्ठ्या काढणं हा जुगार तर नव्हे. चिटणीस म्हणाले की एकदा छापलेला शब्द मागं घेतला तर बोर्डिंगची अब्रू जाते. अक्काची गेलेली कुणाला दिसली नाही. ती बोर्डिंगच्या खर्चात धरलेली नव्हती. चिटणिसांनी सही केलेला कागद समोर होता, पाचाचा आकडा त्यावर होता, आणि कुणालाही त्याची लाज वाटली नाही. मला महिन्याच्या अखेरीला बोर्डिंग सोडायला सांगितलं, ते मी सोडलं.

भिंतींवरच्या नोटिशी पावसानं गेल्या. लोकांच्या डोक्यातली गेली नाही. अक्काच्या चार म्हशींच्या दोन झाल्या. ती आता घरोघर दूध घालते; जनावर विकायला कट्ट्यावर तिला उभं राहू देत नाहीत. विचारलं की का, तर सांगतात, छापलेलं होतं की.

छापलेलं होतं, व्हय. मी छापलं होतं. आणि तुम्ही वाचून मान डोलावली होती. किती दिवस मापलं, कुठला दिवस खोडला, केव्हा खोडला, हे तुमच्यातल्या एकानं तरी विचारलं होतं का?

तर ज्यानं ती नोटीस वाचली आणि त्यानंतर अक्काचं जनावर घ्यायचं टाळलं, त्याला माझं सांगणं आहे. पत्र नको, निरोप नको. तिच्या गोठ्यात जा, तिच्यासमोर उभे राहा, आणि तिला लबाड कशावरून धरलंत ते तोंडानं सांगा. सांगता आलं नाही तर तिथंच माफी मागा, आणि तिथून निघून थेट कट्ट्यावर जाऊन वडीलधाऱ्यांना चारचौघांत सांगा की तिला उभं राहू द्या.